स्पाइट्सटाउन : बार्बेडोसच्या छोट्या बंदरगावात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कॅरिबियनमधील बार्बेडोस या बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरचे स्पाइट्सटाउन हे गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला अर्धा तासही लागत नाही. ‘इथे बघण्यासारखे काय काय आहे?’ असा प्रश्न घेऊन उतरणारा प्रवासी त्यामुळे लवकरच घड्याळाकडे बघू लागतो. याउलट सकाळचा बाजार, दुपारची मासळी, समुद्र आणि संध्याकाळचा अड्डा या गावाच्याच दिनक्रमात जो स्वतःला सामावून घेतो, त्याला तीन-चार दिवसही अपुरे वाटतात. पुढील मार्गदर्शन या दुसऱ्या प्रकारच्या प्रवाशासाठी असून, त्यातील पायऱ्या घरातून निघण्यापासून परतीच्या विमानापर्यंत क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १ : मार्ग ठरवा, मग तिकीट काढा

भारतीय पारपत्रावर पर्यटनासाठी बार्बेडोसमध्ये ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, हे ऐकून अनेकजण लगेच तिकिटे शोधू लागतात. खरी अडचण मात्र वाटेत असते. भारतातून तिथे थेट विमान नाही, त्यामुळे लंडन, टोरांटो, न्यूयॉर्क किंवा मायामी अशा ठिकाणी विमान बदलावे लागते. अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले, तरी भारतीय प्रवाशाला अमेरिकेचा व्हिसा हवाच. ब्रिटन आणि कॅनडा यांचे नियम तुमच्याकडे आणखी कोणता व्हिसा आहे यावर आणि विमानतळाच्या आतच विमान बदलता की बाहेर पडता यावर अवलंबून असतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या देशांच्या अधिकृत संकेतस्थळावर आपली नेमकी परिस्थिती तपासावी. दोन वेगवेगळी तिकिटे जोडून प्रवास स्वस्त होतो खरा, पण अशा वेळी बहुधा मधल्या विमानतळावर सामान काढून पुन्हा द्यावे लागते, म्हणजेच बाहेर पडावे लागते, आणि वाचलेले पैसे व्हिसाच्या शुल्कात जातात. लंडनमध्ये एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडण्याचा बेतही याच कारणाने टाळावा. अमेरिकेत, कॅनडात किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही कटकट कमी असते. भारतातून आई-वडील त्यांच्याकडे आलेले असतील, तर त्या भेटीलाच ही सहल जोडणे सर्वांत शहाणपणाचे ठरते.

याच फेरीत त्रिनिदाद किंवा गयानालाही जाणार असाल, तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र पारपत्राबरोबर ठेवावे. त्या देशांतून परतणाऱ्यांकडे भारतात ते मागितले जाते. केवळ बार्बेडोसच्या सहलीला त्याची गरज नाही. उतरल्यावर परतीचे तिकीट आणि मुक्कामाचा पत्ता विचारला जातो, म्हणून दोन्ही कागदावर छापून हाताशी ठेवावे. मोबाइलची बॅटरी नेमकी त्या रांगेत संपते, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

ऋतूचे गणित सोपे आहे. डिसेंबर ते मे हे कोरडे महिने असून, त्यांतील सुरुवातीच्या काळात युरोप-अमेरिकेतील थंडीला कंटाळलेले पाहुणे येतात आणि भाव चढतात. अधिकृत चक्रीवादळाचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. बार्बेडोस बेटमालिकेच्या बरेच पूर्वेला असल्याने पुष्कळ वादळे त्याच्या उत्तरेकडून निघून जातात, परंतु त्यावर विसंबून राहू नये. १ जुलै २०२४ रोजी बेरिल हे वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेले, तरीही त्याच्या लाटांनी कोळ्यांच्या शेकडो होड्यांची हानी केली. माझ्या मते एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे हा सर्वांत चांगला काळ होय : गर्दी ओसरलेली असते, भाव उतरलेले असतात आणि पाऊस अजून सुरू झालेला नसतो.

पायरी २ : पिशवीत काय हवे आणि काय नको

आधी काय नको ते सांगतो. लष्करी छाप्याचे कपडे, म्हणजे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची पँट, टोपी, पिशवी, काहीही, बार्बेडोसमध्ये सामान्य नागरिकाने वापरणे बेकायदा आहे आणि हा नियम लहान मुलांनाही लागू होतो. नातवाची आवडती ‘आर्मी’ टोपी घरीच ठेवावी.

वीज ११५ व्होल्टची असून प्लग अमेरिकी पद्धतीचे, चपट्या दोन पायांचे असतात. मोबाइल व लॅपटॉपचे चार्जर साध्या अ‍ॅडॉप्टरवर चालतात, पण भारतातील इस्त्री किंवा पाणी उकळण्याची किटली तिथे नीट तापणार नाही. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांवर खर्च करण्याचे कारण नाही. बेटाचा बहुतेक भाग प्रवाळी चुनखडकाचा आहे, पावसाचे पाणी त्यातून गाळून भूगर्भात साठते आणि नळाचे पाणी निर्धास्त पिता येते. डासांसाठी मलम न्यावे, कारण डेंग्यू तिथेही आहे. उन्हाची टोपी आणि मलम यांबाबत ‘आम्हाला उन्हाची सवय आहे’ ही आपली नेहमीची फुशारकी बाजूला ठेवावी. बेट चेन्नईच्या अक्षांशावर आहे, पण सतत वाहणाऱ्या वाऱ्यामुळे ऊन लागत असल्याचे कळत नाही आणि रात्री खांदे बोलू लागतात.

पैशांच्या बाबतीत अमेरिकी डॉलर सोबत घ्यावेत, कारण रुपये तिथे बदलून मिळण्याची आशा धरू नये. एका अमेरिकी डॉलरला दोन बार्बेडोस डॉलर हा दर १९७५ पासून ठरलेला आहे. दुकानदार अमेरिकी नोटा घेतात, मात्र सुटे पैसे स्थानिक चलनात देतात. फलकावरील किंमत कोणत्या डॉलरमधील आहे हे आधी विचारून घ्यावे, म्हणजे बिलाच्या वेळी चेहरा पडत नाही किंवा, क्वचित, उगाच खुलत नाही.

पायरी ३ : विमानतळावरून गावात

ग्रँटली अ‍ॅडम्स विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाजवळ आणि स्पाइट्सटाउन वायव्येला, म्हणजे बेटाची जवळजवळ पूर्ण लांबी ओलांडावी लागते. ती लांबी सगळी मिळून ३४ किलोमीटर आहे हे लक्षात घेतले, तर घाबरण्यासारखे काही उरत नाही. सामान घेऊन पहिल्या दिवशी टॅक्सीच करावी. टॅक्सींना मीटर नसतो, भाडे ठरावीक दरपत्रकानुसार आकारले जाते, म्हणून दार उघडण्यापूर्वी आकडा आणि चलन दोन्ही विचारावे. अधिकृत टॅक्सीच्या नंबरपाटीवर ‘झेड’ हे अक्षर असते. भाड्याने घेऊन स्वतः चालवायच्या गाड्यांच्या पाटीवर ‘एच’ असते, त्यामुळे तुम्ही पाहुणे आहात हे साऱ्या बेटाला कळते आणि चौकात लोक समजूतदारपणे वाट देतात. वाहतूक भारताप्रमाणेच डावीकडून चालते.

दुसऱ्या दिवसापासून मात्र बस धरावी. निळ्या रंगाच्या मोठ्या बस सरकारी, पिवळ्या छोट्या बस खासगी आणि पांढऱ्या व्हॅन ‘झेडआर’ या नावाने ओळखल्या जातात. तिन्हींचे भाडे अंतर कितीही असो, साडेतीन बार्बेडोस डॉलर. सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, त्यामुळे नेमकी रक्कम मुठीत ठेवावी. राजधानी ब्रिजटाउनहून स्पाइट्सटाउनला येणाऱ्या बस प्रिन्सेस अ‍ॅलिस स्थानकातून सुटतात आणि पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्याने, बराच काळ समुद्राला चिकटून येतात, म्हणून येताना डाव्या बाजूची खिडकी पकडावी. थांब्यांवर ‘टू सिटी’ आणि ‘आउट ऑफ सिटी’ अशा पाट्या असतात. ‘सिटी’ म्हणजे ब्रिजटाउन, एवढे ध्यानात ठेवले की चुकण्याची शक्यता संपते. झेडआर व्हॅनमध्ये संगीत मोठे, वेग त्याहून मोठा आणि ‘अजून एक जण बसेल’ ही वाहकाची श्रद्धा आपल्या वडापच्या परंपरेला साजेशी असते. हा अनुभव एकदा जरूर घ्यावा आणि मग वयानुसार पुढचा निर्णय करावा.

पायरी ४ : आधी नमस्कार, मग प्रश्न

ही पायरी लहान आहे, पण ती गाळल्यास पुढच्या साऱ्या पायऱ्या जड जातात. दुकानात, बसमध्ये, रांगेत किंवा रस्ता विचारताना प्रथम ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणावे, उत्तराची वाट पाहावी आणि मगच कामाचे बोलावे. अंधार पडल्यावर भेटतानाही ‘गुड नाइट’ असेच म्हणतात, तेव्हा कोणी निरोप देत आहे असे समजून मागे वळू नये. पोहण्याच्या कपड्यांत गावातून फिरणे असभ्य मानले जाते, म्हणून किनाऱ्यावरून वर येताना सदरा चढवावा. लोक आपापसांत जी बेजन बोली बोलतात ती पहिल्या दिवशी अजिबात कळणार नाही, पण तुमच्याशी बोलताना ते सावकाश, स्वच्छ इंग्रजीवर येतात. रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असते आणि बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून आवश्यक खरेदी शनिवारीच उरकावी.

पायरी ५ : गाव पायी पाहा

इंग्रजांनी १६२७ मध्ये बेटावर वसाहत केली आणि त्यानंतर थोड्याच काळात विल्यम स्पाइट या जमीनमालकाच्या नावाने हे बंदर उभे राहिले. इथून साखर इंग्लंडच्या ब्रिस्टल बंदराकडे इतक्या प्रमाणात जात असे, की गावाला ‘लिटल ब्रिस्टल’ हे टोपणनाव पडले. ही साखर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर पिकत होती. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, तरी ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकाकडे कराव्या लागणाऱ्या सक्तीच्या कामामुळे प्रत्यक्ष मुक्ती १८३८ मध्येच मिळाली. क्वीन स्ट्रीटवरील आर्लिंग्टन हाउस या अठराव्या शतकातील अरुंद, तीन मजली घरातील संग्रहालयात हा इतिहास नीट मांडलेला आहे, म्हणून पहिली सकाळ तिथेच घालवावी. मुले सोबत असतील तर तीही कंटाळत नाहीत. सेंट पीटर चर्च १८३७ मध्ये पुन्हा बांधले गेले आणि १९८० च्या आगीनंतर आणखी एकदा उभे राहिले. तिथे पाच मिनिटे शांत बसावे आणि बाजाराकडे निघावे.

रस्त्याकडेच्या भाजीवाल्या बायकांपुढे मराठी माणूस हमखास थबकतो, कारण अळकुड्या, भेंडी, रताळी, लाल भोपळा, केळी आणि नीरफणस ही मंडळी तिथे मांडून बसलेली असतात. कोकणातील किंवा गोव्यातील वाचकाला नीरफणसाच्या कापा कशा करायच्या हे सांगायला नको. फक्त तवा हवा. याच कारणाने मुक्काम हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेल्या छोट्या सदनिकेत करावा, असे मी आग्रहाने सुचवतो. पश्चिम किनारा हा बेटावरील महागडा भाग आहे आणि तिन्ही त्रिकाळ बाहेर जेवल्यास अंदाजपत्रक पहिल्या दोन दिवसांतच आडवे होते.

पायरी ६ : दुपारचे जेवण

शाकाहारी आणि मांसाहारी, दोघांनीही ही पायरी नीट वाचावी.

राष्ट्रीय पदार्थ ‘कुकू आणि फ्लाइंग फिश’ हा आहे. कुकू म्हणजे मक्याच्या पिठाची, भेंडी घालून केलेली आणि लाकडी दांडक्याने सतत घोटलेली उकड. भेंडीचा बुळबुळीतपणा इथे दोष नसून गुण मानला जातो, कारण त्यानेच उकड गुळगुळीत होते. तिच्याबरोबर उडणाऱ्या माशांची कांदा, टोमॅटो आणि थाइम घातलेली पातळ कालवणासारखी भाजी असते. हा मासा खरोखरच पाण्याबाहेर झेप घेऊन पसरलेल्या परांवर तरंगत जातो आणि साधारण डिसेंबर ते जून या काळात मुबलक मिळतो. घाईत असाल तर ‘कटर’ मागावा : सॉल्ट ब्रेड नावाच्या गोल पावात तळलेला मासा घालून देतात. सुक्या कॉड माशाचे भजीसारखे ‘फिशकेक’ दोन घेऊन पावात भरण्याचीही पद्धत आहे आणि मधल्या वेळच्या भुकेला तेवढे पुरते. समुद्राला लागूनच असलेल्या फिशरमन्स पबमध्ये दुपारी गावकरी आणि पाहुणे एकाच रांगेत ताट घेऊन उभे असतात. ताटात काय वाढायचे हे पाहून सांगता येते, त्यामुळे नावे माहीत नसली तरी अडत नाही.

टेबलावरील पिवळ्या सॉसच्या बाटलीपाशी विशेष सावध राहावे. मोहरी आणि हळद यांच्या रंगामुळे ती ओळखीची वाटते, पण आत स्कॉच बॉनेट मिरची असते, आणि कोल्हापूरचा अनुभव गाठीशी असणाऱ्यांनीही पहिल्यांदा थेंबभरच घ्यावी. शनिवारी ‘पुडिंग अँड सूस’ या पदार्थासाठी रांगा लागतात. नाव गोड असले तरी ते लिंबात मुरवलेले डुकराचे मांस आणि सोबत मसालेदार रताळ्याचे पुडिंग असते, हे ठाऊक असलेले बरे.

शाकाहाऱ्यांनी नाव ऐकून विश्वास ठेवू नये, घटक विचारावेत. ‘राइस अँड पीज’ मध्ये चवीसाठी खारवलेले डुकराचे मांस घालण्याची पद्धत आहे, आणि कुकू एरवी शाकाहारी असली तरी वरचे कालवण नसते. चीज घालून भाजलेली मॅकरोनी म्हणजेच ‘मॅकरोनी पाय’, भाजलेला नीरफणस, तळलेली पिकी केळी आणि कोशिंबीर यांवर पोट भरते. रास्ताफारी पंथाचे लोक चालवत असलेल्या ‘आयटल’ खाणावळी दिसल्या तर त्या सोडू नयेत. तिथे मांस नसतेच, बहुधा मीठही बेताचे असते. बसून जेवण्याच्या उपाहारगृहांत बिलात दहा टक्के सेवाशुल्क बरेचदा आधीच धरलेले असते, ते पाहूनच बक्षिसी ठेवावी.

पायरी ७ : समुद्र

बेटावरील सर्व किनारे सार्वजनिक आहेत. आलिशान हॉटेलासमोरच्या वाळूवरही तुम्ही बसू शकता. पैसे पडतात ते फक्त त्यांच्या खुर्चीवर बसल्यास. गावाच्या उत्तरेला हेवूड्सचा शांत किनारा आहे, दक्षिणेला मलिन्सचा, जिथे वर्दळ अधिक असते. पश्चिमेचे पाणी सहसा संथ असते, परंतु हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमधील वादळांमुळे इथेही मोठ्या लाटा येतात. त्या दिवशी कोळी पाण्यात उतरत नसतील, तर तुम्हीही उतरू नये. पूर्व किनारा दिसायला भव्य आहे, पण तिथले प्रवाह धोकादायक असल्याने तो फक्त पाहण्यासाठी.

किनाऱ्यावर सावली शोधताना मँचिनील या झाडाची ओळख असणे आवश्यक आहे. त्याला छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळे येतात आणि झाड समूळ विषारी असते. फळ खाणे तर दूरच, पावसात त्याखाली उभे राहिले तरी ओघळणाऱ्या चिकाने कातडीवर फोड येतात. बऱ्याच झाडांच्या खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो, पण सर्वांवर नसतो. मुलांना हे समुद्रावर जाण्यापूर्वीच बजावावे, कारण पडलेले फळ उचलून बघणे हा मुलांचा जन्मसिद्ध हक्क असतो. नारळाखाली बसावे आणि तिथेही वर नजर टाकून.

पाण्यात कासव दिसले तर अंतर राखावे, हात लावू नये. रात्री वाळूवर अंडी घालायला आलेल्या मादीवर प्रकाश टाकू नये. बार्बेडोस सी टर्टल प्रोजेक्टचे स्वयंसेवक किनाऱ्यावर गस्त घालतात, ते सांगतील तसे वागावे.

पायरी ८ : संध्याकाळचा अड्डा

पश्चिम किनारा असल्याने सूर्य समुद्रात बुडतो, आणि तो साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान, वर्षभर थोड्याफार फरकाने बुडतो. त्यानंतर गावाचे लोक रमशॉपकडे वळतात. हे दारूचे दुकान, वाण्याचे दुकान आणि पारावरची बैठक यांचे मिश्रण असते. मद्य घेत नसाल तर झाडाच्या सालीपासून केलेले कडवट-गोड मॉबी किंवा थंड शहाळे मागावे, कोणी नाक मुरडत नाही. डॉमिनोची सोंगटी टेबलावर आपटण्याचा आवाज भांडणाचा वाटतो, पण तो खेळाचाच भाग आहे. जवळपास रोड टेनिस चालू असेल तर थांबून बघावे. रस्त्यावर आखलेले मैदान, जाळ्याऐवजी वीतभर उंचीची लाकडी फळी आणि हातात लाकडी बॅट अशा सामग्रीवर हा बार्बेडोसमध्ये जन्मलेला खेळ रंगतो.

ओळख वाढवण्याचा राजमार्ग अर्थातच क्रिकेट. तुम्ही भारतीय असल्याचे कळताच विषय निघेल, म्हणून थोडा गृहपाठ करून जावे. १९७१ च्या मालिकेत ब्रिजटाउनच्या कसोटीत गोव्यात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी १५० धावा काढल्या आणि पदार्पणाच्याच मालिकेत सुनील गावसकरांनी दुसऱ्या डावात नाबाद ११७. समोरून त्याच कसोटीतील सर गारफिल्ड सोबर्स यांच्या नाबाद १७८ धावांचा उल्लेख येईल, तेव्हा मान डोलवावी. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनच्याच केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर रोहित शर्माच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, ही गोष्ट तुम्ही सांगाल. त्यावर कोपऱ्यातील एखादे वयस्कर गृहस्थ १९९७ ची आठवण हमखास काढतील. त्या वर्षी याच मैदानावर जिंकण्यासाठी अवघ्या १२० धावा हव्या असताना सचिन तेंडुलकरच्या नेतृत्वाखालील आपला संघ ८१ धावांत गारद झाला होता. यावर वाद घालू नये. ज्या सेंट पीटर परगण्यात हे गाव आहे, तिथेच वेस्ट इंडीजचा सलामीवीर गॉर्डन ग्रीनिजचा जन्म झाला, एवढे सांगितले की बैठकीत जागा मिळते.

पायरी ९ : एक दिवस उत्तरेला

गावातून थोड्या अंतरावरील सिक्स मेन्स बे या कोळीवाड्यात होड्यांची डागडुजी चाललेली दिसते आणि ताजी मासळी थेट विकत मिळते. त्यापलीकडे जायचे तर बसचे वेळापत्रक विरळ होत जाते, म्हणून टॅक्सी दिवसभरासाठी ठरवणे सोयीचे. १९६५ मध्ये जळालेल्या हवेलीचे अवशेष असलेली फार्ली हिलची टेकडी आणि तिथून दिसणारा पूर्व किनारा, १६५८ च्या सुमाराचा सेंट निकोलस अ‍ॅबी हा साखरमळ्याचा वाडा आणि बेटाच्या उत्तर टोकावरील अ‍ॅनिमल फ्लॉवर केव्ह ही तीन ठिकाणे एका दिवसात होतात. या शेवटच्या ठिकाणच्या गुहेत समुद्रपुष्पे, म्हणजे फुलांसारखे दिसणारे समुद्री जीव, पाहायची असतील तर निघण्यापूर्वी दूरध्वनी करावा, कारण समुद्र खवळलेला असल्यास आत सोडत नाहीत. फार्ली हिलच्या परिसरात पश्चिम आफ्रिकेतून काही शतकांपूर्वी आलेली हिरवट माकडे भेटतात. महाबळेश्वर-माथेरानच्या प्रवाशाला त्यांच्यापासून पिशवी कशी सांभाळायची हे निराळे शिकवण्याची आवश्यकता नाही.

पायरी १० : निघताना

बार्बेडोस डॉलर बेटाबाहेर बदलून मिळणे कठीण असते, म्हणून शेवटच्या दिवशी उरलेली स्थानिक रक्कम बाजारातच संपवावी. पिवळा सॉस आणि रम या दोन गोष्टी बहुतेक जण घेतात. भारतात प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवाव्यात, कारण वाटेत विमान बदलताना पुन्हा सुरक्षा तपासणी होते आणि हातातील पिशवीतला सॉस तिथे काढून घेतला जातो. बेटाचे घड्याळ भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असते, तेव्हा घरी फोन करण्यासाठी सकाळी साडेदहापूर्वीची वेळ निवडावी. त्या वेळी आपल्याकडे जेवणाची पाने वाढलेली असतात.